घोडीची रजा

हिवाळ्यात आमच्या कर्जतात सुटी कुणालाच नसते. ज्वारी निसवलेली असते आणि पाखरं हाकायला माणूस मिळत नाही. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून उभ्या असतात. तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांना ऊत येतो, आणि दोन लग्नांच्या मधला एखादा दिवस चुकून मोकळा सापडलाच, तर त्या दिवशी कुठल्यातरी सप्ताहाचं काल्याचं कीर्तन असतं. (हे कर्जत अहिल्यानगरचं. स्टेशनावर वडे मिळतात ते रायगडातलं. आमच्या गावाला स्टेशनच नाही. तरी दर थंडीत एखादा मुंबईकर शेजारच्या घोडीवाल्या आबांना फोन करून विचारतो, "माथेरानला वर न्यायचे किती घ्याल?" इथून माथेरान दोनशे किलोमीटरच्या पुढे. आबा शांतपणे विचारतात, "जेवणासहित का जेवणाविना?")

तर अशा धामधुमीत इंग्लंडातून भाचीचा फोन आला. "मामा, घोड्याला सुटी दिली. आता थेट मार्चमध्ये."

"कुणाच्या घोड्याला?"

"माझ्याच."

तिनं तिकडे घोडा पाळलाय हे ठाऊक होतं. तो बसायला नसून सुटी द्यायला पाळलाय हे नव्यानं कळलं. तिकडे म्हणे डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो, रानात गुडघाभर चिखल नाहीतर जमीन गोठून दगड. मग पुष्कळ लोक घोड्याचे नाल काढतात, त्याला कुरणात मोकळा सोडतात, अंगावरचे केस वाढू देतात आणि वर झूल घालतात. झुली तरी किती! पावसातली वेगळी, तबेल्यातली वेगळी. "शरीराला आणि मनाला विश्रांती हवी ना, मामा," असं ती म्हणाली. मनाला! माझी सगळी नोकरी मराठी शाळेत गेली. माझ्या मनाला विश्रांती हवी अशी शंका एकाही साहेबाला आली नाही. झूल तर राहूच द्या, निवृत्तीच्या दिवशी जी शाल मिळाली ती अंगावर घातली की पलीकडचं दिसतं.

पण विचार डोक्यात बसला. कारण आबांची घोडी रोज डोळ्यासमोर. नाव बिजली, रंग पांढरा, चण लहान. आमच्या शेतीपंपाच्या बिजलीसारखीच तीही रात्री-अपरात्री येते आणि आली की सगळी आळी उठून बसते. कार्तिक-मार्गशीर्षात तिचं वेळापत्रक मुख्यमंत्र्यांना झेपणार नाही. सकाळी राशीनला एकाचा परण्या मारुतीला न्यायचा, संध्याकाळी मिरजगावला दुसऱ्याची वरात, आणि मधल्या वेळेत फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या कुणा जवानाची गावातून मिरवणूक. समोर डीजे, पाठीवर नवरदेव, नवरदेवापुढे करवला, आणि करवल्याच्या हातात फुगा.

मी आबांकडे गेलो. ते घुंगरांची वादी शिवत बसले होते.

"आबा, हिला हिवाळ्यात सुटी द्या."

"कशापायी?"

"विश्रांती. बाहेरच्या देशात देतात."

"तिकडं नवरदेव कशावर बसतो?"

"मोटारीत."

"मंग त्यांच्या घोड्याला बारा म्हयने सुटीच की ओ!"

मी गप्प बसलो. शिक्षकाला प्रश्नाचं उत्तर आलं नाही की तो विषयाचा मोठा आवाका सांगू लागतो. मी सांगू लागलो. म्हटलं, आपल्या मुलखात सगळं उलटंच आहे. जग घोड्याला हिवाळ्यात निजवतं आणि आपण नेमकं तेव्हाच उठवतो. दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोडेबाजार, दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला, लगोलग खंडोबाच्या यात्रेत नांदेडकडल्या माळेगावला. शर्यतीचे घोडे पावसाळ्यात पुण्याला पळतात, थंडी पडली की महालक्ष्मीला. आबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गुरुजी, आमच्या घोडीला सुट्या हायेत. त्या पंचांगात छापून येतेत."

हे मात्र अगदी खरं निघालं. सरकारी नोकराला आपल्या रजा माहीत नसतील इतक्या बिनचूक आबांना बिजलीच्या माहीत होत्या. आषाढी एकादशीला देव झोपतात ते कार्तिकीला उठतात, तेवढे चार महिने विवाह नाहीत, ही अर्जित रजा. पौषात शुभकार्य नाही, ही हक्काची रजा. गुरूचा नाहीतर शुक्राचा अस्त असला की मुहूर्त नाहीत, ही किरकोळ रजा. आणि अधिक महिना आला तर बोनस. २०२६ चा ज्येष्ठ अधिक आहे हे आबांना पंचांग छापणाऱ्याइतकं पाठ होतं. देव झोपले म्हणून घोडी झोपते, ग्रह मावळले म्हणून घोडीचा डोळा लागतो. एवढ्या वरून रजा मंजूर होणारा दुसरा कर्मचारी मला माहीत नाही.

"पण अलीकडं पंचांगवाले आपत्कालीन मुहूर्त छापाया लागलेत," आबा खिन्नपणे म्हणाले. "पोरगं परदेशात असतंय, त्याला सुटी नसती. मंग त्याच्यासाठी हिची सुटी मोडायची."

तसा पावसाळ्यात घोडा बांधून ठेवायची रीत आपली जुनीच. मराठ्यांची फौज दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायची आणि पाऊस तोंडावर आला की छावणीला परतायची. घोड्याला बसवून खाऊ घालणं हे मोहिमेपेक्षा अवघड काम आहे हे शिवाजी महाराजांना पक्कं ठाऊक होतं. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या अंमलदारांना त्यांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्धच आहे. दाणा-वैरण आत्ताच वाटेल तशी उडवाल तर ऐन पावसात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा आशय. रात्री दिवे जळत ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी भस्म होतील, इथपर्यंत सूचना आहेत. राज्य उभं करणाऱ्या राजाला उंदराचाही हिशेब ठेवावा लागत होता. आबांच्या गोठ्यात उंदीर आहेत, वात मात्र नाही. तिथं उघड्या तारा आहेत.

आणि घोड्याला कायमची रजा कशी मिळते ते बघायचं असेल तर नगरला जावं. तिथं चिलखती दलाचं केंद्र आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स अशी पलटणींची नावं अजून तशीच आहेत आणि त्यांत घोड्याच्या जागी रणगाडा आहे. हे मी आबांना सांगितलं तर त्यांनी क्षणभर विचार केला. "वैरणीचं वाचलं," म्हणाले, "पण नवरदेवाला चढाया उंच पडंल."

पौष लागला. दुसऱ्याच दिवशी सकाळी आबा बिजलीला घेऊन आमच्या दारात. खांद्यावर पिशवी, डोक्याला नवीन टोपी.

"गुरुजी, तुमालाच हिचा कळवळा. म्हयनाभर तुमच्याकडं राहू द्या. मी लेकीकडं जाऊन येतो. मलाबी इश्रांती."

मी काही बोलायच्या आत दावं माझ्या हातात आणि आबा एसटीत.

तेव्हापासून भाचीच्या सूचना मोबाइलवर येऊ लागल्या. पहिली सूचना पाण्याची. थंडीत घोडी गार पाणी कमी पिते, पाणी कमी झालं की पोटात गोळा धरतो, आणि घोड्याला ओकता येत नसल्यानं ते दुखणं जिवावर बेतू शकतं. म्हणून पाणी कोमट द्यायचं. कोमट पाणी आमच्या घरात एकाच ठिकाणी होतं, बंबात. पहाटे उठून मी बंब पेटवायचा, दोन बादल्या बिजलीपुढे ठेवायच्या, तिनं नाक बुडवून फुर्र करायचं आणि एक पिऊन दुसरी लाथाडायची. मग बंबात उरलेलं पाणी सौभाग्यवतीचं. मी गार पाण्यानं "हर हर गंगे" करत होतो.

"अहो, तुमच्या पोटात नाही का गोळा धरत?" आतून प्रश्न आला.

"मला ओकता येतं," मी म्हणालो.

दुसरी गोष्ट खाण्याची. घोड्याचं पोट त्याच्या आकाराच्या मानानं लहान. त्यामुळं तो थोडंथोडं, पण दिवसरात्र खातो. एकदा जेवून हात धुतले असा प्रकार नाही. कडब्याची पेंढी टाकून मी पेपर उघडायचो. अग्रलेखापर्यंत पोहोचेस्तोवर पेंढी संपलेली आणि मान माझ्या पेपरकडे वळलेली. शब्दकोड्याचं पान तिनं असंच खाल्लं. रजेवरच्या जनावराची चंदी कमी करावी असंही भाचीनं बजावलं होतं. भरपूर दाणा खाऊन नुसता उभा राहिलेला घोडा पुन्हा कामाला जुंपला की त्याचं अंग आखडतं, पाऊल उचलत नाही. विलायतेत पूर्वी ओढकामाच्या घोड्यांना रविवारच्या सुटीनंतर हे व्हायचं म्हणून त्याला सोमवारचा आजारच म्हणत. ही व्याधी घोड्यापुरती आहे असं मी समजत होतो. तालुक्याच्या कुठल्याही कचेरीत सोमवारी सकाळी डोकावल्यापासून तसं समजत नाही.

मी हरभऱ्याचा भरडा निम्म्यावर आणला. तिनं तोबऱ्यात तोंड घातलं, बाहेर काढलं, आणि पुढे दिवसभर माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तिसरी काळजी झोपेची. विश्रांतीसाठी आणलेली घोडी विश्रांती घेते आहे की नाही हे पाहायला मी रात्री बॅटरी घेऊन जायचो. बारा वाजता उभी, दोन वाजता उभी, साडेचारला उभीच. मी घाबरून फोन लावला. भाची म्हणाली, "मामा, घोडे उभ्यानंच झोपतात. पायांचे सांधे आपोआप अडकून राहतात. आडवे फार थोडा वेळ होतात. आणि तुम्ही सारखी बॅटरी मारता म्हणून ती जागी असेल." म्हणजे त्या आळीत रात्रभर दोनच जीव जागे होते, आणि त्यातला एक दुसऱ्याच्या विश्रांतीसाठी.

एवढ्यात गावाला कळलं की बिजली रिकामी आहे.

मी आजवर इतकी एकमतानं बोलणारी माणसं पाहिली नाहीत. घोडीला विश्रांती हवीच, यावर कुणाचं दुमत नव्हतं. शेतावर पुण्याच्या पाहुण्यांसाठी हुरडा पार्टी भरवणारा एक विद्यार्थी आला. "सर, मुक्या जिवाला आराम पाहिजेच. फक्त शनिवार-रविवार द्या. बसायचं नाही, फोटोपुरतीच." त्याच्या फलकावर 'हुरडा, रानमेवा व अश्वारोहण' असं छापून झालेलं होतं. शाळेतल्या बाई आल्या. १२ जानेवारी, जिजाऊ जयंती. "गुरुजी, चौकापर्यंतच. बसणारं पोरगं चौथीतलं, त्याला वजनच नाही." सोसायटीच्या निवडणुकीतला एक उमेदवार आला.

"विजयी मिरवणुकीला लागेल."

"निकाल कधी?"

"अजून मतदान व्हायचंय. पण घोडी आधी बांधलेली बरी. विरोधकानं धरून ठेवली तर?"

प्रत्येक जण जाताना बिजलीच्या मानेवरून हात फिरवून म्हणायचा, "आमचं एवढं उरकलं की हिला निवांत सोडा." आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे खुद्द इंग्लंडातून निरोप आला. "मामा, जानेवारीत पंधरा दिवस येतेय! इकडे घोड्याला सुटी असल्यामुळे बसायला मिळत नाही. बिजलीवर बसता येईल ना?"

मी सगळ्यांना नकार देत गेलो. ताठ कण्याचा शिक्षक अशी माझी गावात कीर्ती आहे. ती कण्याच्या जुन्या दुखण्यामुळे आहे, पण आहे. शिवाय भाचीनं आधी सांगितलेलं होतं की नुसतं बांधून ठेवू नका, रोज थोडं फिरवा. म्हणून मी बिजलीला दाव्यानं धरून सकाळी रस्त्यानं फिरवत असे. ती पुढे, मी मागे. कोण कुणाला फिरवतंय असं विचारणाऱ्या लोकांकडे मी लक्ष देत नव्हतो.

त्या सकाळी समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. उसाच्या ट्रॅक्टरवर कर्णे असतात आणि ते इंजिनापेक्षा मोठ्यानं वाजतात, हे पश्चिम महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. कर्ण्यावर वरातीचं गाणं लागलं होतं. बिजली थबकली. कान उभे केले. पंधरवडाभर तुंबलेली ताकद आणि ओळखीचा ठेका. पुढचे दोन पाय तालात उचलून तिनं भर रस्त्यात नाच सुरू केला. ट्रॅक्टरवाल्यानं हौसेनं आवाज वाढवला. मागे दुसरा ट्रॅक्टर थांबला, त्यामागे एसटी थांबली. ऊसतोडीच्या बाया खाली उतरून टाळ्या वाजवू लागल्या. कुणीतरी दहाची नोट माझ्या डोक्यावरून ओवाळून बिजलीच्या दाताखाली धरली. मी दावं धरून मधोमध उभा, कानटोपी आणि स्वेटरमध्ये. एसटीच्या खिडकीतून एक आजी शेजारणीला म्हणाली, "नवरदेव वयस्कर दिसतोय गं. दुसरपणाचा असंल."

गाणं संपलं आणि कर्णा खरखरला. बिजलीनं एक झटका दिला, दावं माझ्या हातातून गेलं, आणि ती रेहेकुरीच्या रस्त्याला लागली.

रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य आहे, अवघं सव्वादोन चौरस किलोमीटरचं. काळवीट हा पळण्यात देशातला नावाजलेला प्राणी. घोडी पळण्यातलीच. त्या दोघांच्या मागे सेवानिवृत्त शिक्षक हे चित्र वन खात्याच्या कुठल्याच फलकावर नसेल. सुदैवानं बिजली तिथवर गेलीच नाही. अलीकडच्या एका रानात मेंढरं बसली होती, धनगराचा वाडा उतरला होता, आणि त्यांच्या तट्टांशेजारी ती शहाण्यासारखी उभी होती. घोड्याला एकटं राहणं आवडत नाही, कळप लागतो. माझ्याकडे पंधरवडाभर तिला सोबत म्हणून मी होतो.

वाड्यावरची म्हातारी हसत होती. "घोडी तुमची का ओ?"

"माझ्याकडे आहे. सध्या रजेवर."

"कशावर?"

मी समजावून सांगितलं. शेजारी त्यांचं तट्टू उभं होतं. पाठीवर वाकळा, डेचकी, खाटेचे खूर, जाळीत चार कोंबड्या आणि वर नुकतं जन्मलेलं कोकरू. हे भीमथडी तट्टू. भीमा आमच्या तालुक्याच्या कडेनं, सिद्धटेकला वळसा घालून जाते, तेव्हा ते आमचं घरचंच म्हणायचं. याच तट्टांनी यमुनेचं पाणी प्यायल्याचं आपण अभिमानानं सांगतो, आणि अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली. त्या नोंदीची खबर तट्टाला लागलेली दिसली नाही. ते एका कोंबडीचं पीस चघळत उभं होतं.

"याला सुटी कधी असते, आजी?"

"मेंढरं बसली की ह्यो बसतो, उठली की उठतो," ती म्हणाली. मग बिजलीकडे निरखून बघत, "मोकळी हाय म्हणता, तर ही एवढी दोन गाठुडी फुडच्या मुक्कामापातुर..."

घरी येऊन मी कायदा काढला. ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन काम अजिबात नाही. म्हणजे सरकारच्या मते आपल्याकडे जनावराला विश्रांती हवी ती उन्हाळ्यात. आता वैशाखात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, लग्नांची गर्दी तेव्हाच सगळ्यात मोठी, आणि मुहूर्त हटकून बारा वाजून काही मिनिटांचा. परण्या मारुतीला जाऊन, नाचून, रुसून, पुन्हा नाचून मांडवात पोहोचेपर्यंत एक वाजलेला असतो. कार्तिकाच्या गोड थंडीत घोडीला त्रास म्हणावा असा नाहीच. घोड्याला थंडी माणसापेक्षा चांगली सोसते, ऊन सोसत नाही. उगाच बंब पेटवला!

त्याच नियमांत वजनाचाही आकडा आहे. तट्टावर जास्तीत जास्त ७० किलो. बिजली तट्टू की घोडी, हे मी लेकीकडून परतलेल्या आबांना विचारलं.

"कशासाठी इचारताय त्याच्यावर हाय," ते म्हणाले. "सुपारी घेताना घोडी. वैरण घालताना तट्टू."

"आणि नवरदेव हे ओझ्यात धरायचं का?"

आबा विचारात पडले. आतून सौभाग्यवतीचा आवाज आला, "ओझंच."

आमच्याकडच्या आजच्या नवरदेवाचं वजन हा नाजूक विषय आहे. साखरपुड्यापासून हळदीपर्यंत तो नुसता जेवत असतो. त्यात शेरवानी, फेटा, हार, तलवार, करवला. बिजलीनं या हंगामात काय काय वाहिलं याचा हिशेब मांडायला मी कागद घेतला होता, तो तिनं खाल्ला.

आबांनी बिजलीला नेलं. पौष अजून चार दिवस बाकी होता, ते तिनं हुरडा पार्टीत अश्वारोहण करवण्यात घालवले. पहिली सवारी इंग्लंडहून आलेल्या पाहुणीची होती, असं त्या विद्यार्थ्यानं मला फोटोसकट कळवलं.

तेव्हा माघात ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना हात जोडून एवढीच विनंती, की नवरदेवाला आजच काट्यावर उभं करा. कारखान्याच्या काट्यावर नको, तिथं वजन कमी भरतं अशी ऊसवाल्यांची जुनी तक्रार आहे. भुसार दुकानातल्या काट्यावर करा. शेरवानीसकट ७० च्या आत भरला तर आबांना फोन लावा. पुढे गेला तर ट्रॅक्टर सांगा. त्याला कर्णे असतातच.